हॅनाबाईच्या शेतातली ओळ

आसेगावहून कारंज्याला जाणारी वाट आपल्या वावराच्या कडेने जाते. त्या सकाळी बा बैलांची दमणी हाकत होता, माझ्या मांडीवर सरकीचं गाठोडं होतं, आणि माय मागून पायी येत होती. दमणीत बसायला ती तयार नव्हती. बसलं तर थेट स्टेशनापर्यंत यावं लागेल, आणि चारचौघांत रडणं तिला पसंत नव्हतं. वावर संपायच्या जरा आधी ती थांबली. मला वाटलं, आता हिचा धीर सुटला. पण ती थांबली होती कापसासाठी. वाटेला लागून असलेल्या ओळीत दोन-तीन बोंडं फुटून लोंबत होती, मजुरांच्या नजरेतून सुटलेली. तिने ती वेचून ओटीत टाकली आणि तिथूनच ओरडली, "नाम्या, झाडावर कापूस राहू देजो नोको कुठीबी. लक्ष्मी हाय थे, उघड्यावर रायते!"

तिचा मी ऐकलेला शेवटचा शब्द हा. मी वळून हात केला तेव्हा ती पुन्हा झाडात वाकली होती.

कारंज्याला छोटी गाडी फलाटाला लागली, माझी ट्रंक वर चढली, तेव्हा बा खिडकीशी आला आणि बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं माझ्या हातावर थोपटत म्हणाला, "दुसऱ्याच्या वावरात असं काम करजो नामा, का त्याले सांगा लागू नये." शिरपूरचा महादू माझ्या शेजारी बसला होता. त्यालाही डोळ्यांनीच बाने तेच बजावलं. आम्ही दोघं मान डोलावून मोकळे झालो.

गंगे, हे सगळं आज लिहायचं कारण तुझं पत्र. अक्षर मास्तरांचं, पण बोलणं अगदी माझ्या बहिणीचं. "माय गेल्याले तीन वर्स झाले. तिनं तुह्यासाठी राखेल ओळ आमी अजून तशीच ठिवतो. हे म्हंतात, दर साली कायले कापूस नासवायचा? येचून घेऊ का, तू सांग. अन् एक सांग, तू आला काहून नाही?" पत्र येऊन दोन महिने झाले. मी चार वेळा उत्तर लिहायला बसलो आणि चारही वेळा हवापाण्याचं लिहून कागद फाडला. मायने ती ओळ का राखली, हे तुला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं माझ्यापाशी आहे आणि ते चांगलं नाही. हे शिरपूरला महादूलाही वाचून दाखव. तो इथे होता, पण त्यालाही मी सांगितलेलं नाही.

मंगरुळच्या शाळेत आम्हाला अमेरिकेचं बंड जेमतेम चार ओळींत शिकवलं होतं. आपल्या आजोबांच्या आजोबांच्या वेळी तिथल्या रयतेने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं, ते मोडलं, पुढाऱ्यांना फाशी झाली आणि मुलूख राजाकडेच राहिला. एवढं घडाघडा म्हटलं की मास्तर खाली बसवायचे. पुढे कधी त्या मुलखाची माती माझ्या नखांत जाईल हे कोणाला माहीत? तिकडच्या कापसाला कीड लागली, बोंडं आतून पोखरून निघाली, आणि बियाणे खात्याच्या साहेबांना वाटलं, वऱ्हाडचं काटक बियाणं तिथे लावून पाहावं. बियाणं न्यायचं तर ते पेरणारी माणसंही न्यायची. राजा एकच, दर्यावर जहाजंही त्याचीच. पाच वर्षांचा करार होता. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला जग बघायचं होतं. हे खरं कारण. घरी मी सांगितलं होतं की साहेब ऐकत नाही, जावंच लागेल.

जॉर्जियात मला हॅनाबाईच्या शेतावर ठेवलं. नवरा गेलेली, उंच, हाडकुळी बाई. कमी बोलणारी. तिच्या शेताचा एक तुकडा सरकारने आपल्या बियाण्यासाठी मागून घेतला होता आणि त्या तुकड्यासोबत मीही तिच्या पदरात पडलो. तिने माझ्याकडे पाहिलं, पायांतल्या वहाणांकडे पाहिलं, आणि घरात जाऊन नवऱ्याचे बूट आणून दिले. घरामागच्या खोलीत माझी ट्रंक ठेवली. पहिल्या दिवशी तिने मक्याची भाकरी वाढली. इथे तिला कॉर्नब्रेड म्हणतात, वर गुळासारखी काळी काकवी ओततात. मी ती खाल्ली आणि आपल्या ज्वारीच्या भाकरीची आठवण येऊन मला जेवतानाच रडू आलं. हॅनाबाईला वाटलं, भाकरी फार आवडली. ती पुढची पंचवीस वर्षं जास्तीची वाढत राहिली.

तिला एकच मुलगा, जोएल. माझ्याच वयाचा. कुठल्याशा शहरात गिरणीत कामाला आहे असं ती सांगायची. पहिल्या वर्षी तो चार दिवस घरी आला. मला खेचर जुंपायला शिकवलं, मी केलेलं पिठलं खाऊन नाका-डोळ्यांतून पाणी काढलं आणि तरी पुन्हा मागितलं. जाताना माझं पागोटं स्वतःच्या डोक्यावर ठेवून आरशात बघितलं आणि आपली गवती हॅट माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाला, पुढच्या वेळी अदलाबदल करू. हॅट माझ्याकडेच राहिली. तो गिरणीत नव्हताच. ते जुनं बंड पुन्हा डोकं वर काढत होतं आणि जोएल त्यात होता. सगळ्या गावाला माहीत होतं. मला सांगायची कोणाला गरज वाटली नाही, कारण मी सरकारने आणलेला माणूस. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

आता त्या ओळीचं सांगतो. पहिल्या वर्षी मी पोचलो तेव्हा कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती, आणि दुसऱ्या वर्षी वेचणी सुरू झाली तेव्हा मी तापाने अंथरुणात होतो. उठून बाहेर आलो तर शेत जवळपास वेचून झालेलं. फक्त रस्त्याकडेची एक ओळ तशीच. पांढरीशुभ्र, टोकापासून टोकापर्यंत एकही बोंड न तोडलेली. मजूर तिच्या शेजारून जात आणि हात लावत नसत. मी तिकडे बघून चुळबुळ करायचो. मायचं बोलणं कानात होतं. शिवाय मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. आपल्याकडे पहिल्या वेचणीला बायका सीतादही करतात, पऱ्हाटीला कुंकू लावून दही-भात शिंपडतात, मगच ओटी बांधतात. तापामुळे त्या वर्षी ते हुकलं होतं. मुलखात असतो तर मायने केलंच असतं. इथे ती ओळ मला जणू त्यासाठीच राहिलेली दिसली.

रविवार होता. हॅनाबाई आणि झाडून सगळी माणसं चर्चला गेली होती. मी अंघोळ केली, भात शिजवला, तिच्या फडताळातल्या आंबट दुधाचं दही लावलं होतं ते त्यात कालवलं. ओळीच्या तोंडाशी चार शितं ठेवली, उरलेली झाडांवर शिंपडली, हात जोडले आणि वेचायला लागलो. दोन्ही हातांनी, मायसारखं, बोंडात एक धागा न ठेवता. डोक्यावर जोएलची हॅट. त्या दिवशी मी इतका आनंदात होतो गंगे, की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पाहुणा म्हणून खाल्लेल्या भाकरीची थोडी तरी परतफेड होतेय, आणि तीही न सांगता. बाला कळलं असतं तर त्याने मिशीतल्या मिशीत हसून दाखवलं असतं. दुपार व्हायच्या आत ओळ साफ झाली. कापूस मी कोठीतल्या ढिगावर ओतला आणि हॅनाबाई कधी बघते याची वाट बघत पोर्चमध्ये बसलो.

ती आली. बग्गी रस्त्यावरच थांबली. ती खाली उतरली, ओळीशी गेली, थोडा वेळ तिथे उभी राहिली. मग घरात येऊन माझ्यासाठी आणि स्वतःसाठी ताटं मांडली. मला राग आला. मी तापट माणूस, तुला ठाऊक आहे. म्हटलं, कौतुकाचा एक शब्द काढायला या बाईची जीभ झिजते का.

दुसऱ्या दिवशी जोएल पकडला गेल्याची बातमी आली. नदीच्या पुलावर. पहाऱ्याला आपल्याच मुलखातली पलटण होती, हेही सांगून टाकतो. पुढच्या पंधरवड्यात त्याला तालुक्याच्या कचेरीपुढे फाशी दिली. हॅनाबाई गेली होती. गाडी मी हाकली. येताना तो मागे गाडीत होता, चादरीत गुंडाळलेला. घरी आल्यावर तिने चूल पेटवली आणि माझ्यासाठी कॉर्नब्रेड केली.

मातीच्या तिसऱ्या दिवशी एझ्रा मला हाताला धरून शेताच्या कडेला घेऊन गेला. एझ्रा म्हणजे शेजारचा काळा शेतकरी, हॅनाबाईच्या शेतावर तीस वर्षं वेचणी केलेला. जुन्या बंडाने आम्हाला काही दिलं नसतं, पण या वेळी आमचीही मुलं त्यात आहेत, असं तो म्हणायचा. त्याने ती रिकामी ओळ दाखवली आणि सांगितलं. जुन्या बंडात फाशी गेलेल्यांसाठी इथली घरं एक ओळ वेचत नाहीत. ती परत न आलेल्यांची. शिपायांनाही हे माहीत, ते हसतात आणि सोडून देतात. पण आता या ओळीला आणखी एक काम होतं, ते शिपायांना माहीत नव्हतं. ओळ पांढरी असेल तर घर उघडं आहे, ये, जेव, झोप. ओळ वेचलेली असेल तर घरात धोका आहे, थांबू नकोस, पुढे जा. रविवारी सगळे चर्चमध्ये असताना जोएल घरी येणार होता. त्याने लांबूनच ओळ बघितली आणि तो आडवाटेने पुढे गेला. पुढे पूल होता.

मी काही बोलायच्या आत एझ्रा म्हणाला, "तू वेचलीस हे मला कळलं. तिला वाटतंय, गस्तीच्या शिपायांनी खोडी म्हणून वेचली. तसंच वाटू दे. या वयात एका दुःखावर तिचं भागू दे."

मी तिला सांगितलं नाही. तेव्हा घरी लिहिलेल्या पत्रात मी एवढंच लिहिलं की इथले लोक परत न आलेल्यांसाठी एक ओळ न वेचता ठेवतात. का लिहिलं कोण जाणे. दुसरं काही लिहिता येत नव्हतं म्हणून असेल. ते पत्र मास्तरांनी मायला वाचून दाखवलं, आणि जी बाई दोन बोंडांसाठी मुलाकडे पाठ फिरवून वाकली होती, तिने पुढच्या सुगीपासून वाटेकडची ओळ माझ्या नावाने राखायला सुरुवात केली. लोक तिला वेडी म्हणायचे, असं तूच एकदा कळवलं होतंस.

करार संपला. महादूने ट्रंक बांधली, मीही बांधली. महादू, तुला आठवत असेल, गाडी दारात उभी होती आणि हॅनाबाई पोर्चवर आली. म्हणाली, "एवढा हंगाम थांब, नॅम." तू मला खुणावत होतास, चल चल. मी ट्रंक उतरवली. तुला वाटलं, मला इथली चटक लागली. गावात जाऊन तू तसंच सांगितलंस, आणि माझा तुझ्यावर राग नाही. पण तिचा मुलगा माझ्या हाताने गेला होता. तिचं शेत नांगरायला दुसरं कोणी नव्हतं. मला वाटलं, एक हंगाम हे काहीच नाही. पुढच्या वर्षी तिने पुन्हा तेच म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. काही वर्षांनी मी ट्रंक बांधणं सोडलं. बा गेला, मी इथे होतो. माय गेली, मी इथे होतो. एका आईचा मुलगा मी घेतला आणि त्याची फेड म्हणून दुसऱ्या आईचा मुलगाही मीच घेतला. हा हिशेब मला तेव्हा बरोबर वाटायचा.

ओळ दर वर्षी राखली जायची, आता जोएलसाठीही. आपल्याकडे भर दुपारी वावरात एकट्याने जाऊ नये म्हणतात, ते खरं आहे. ऊन डोक्यावर आलं की मला त्या ओळीत कोणीतरी वाकलेलं दिसायचं. अंगात जोएलचा निळा सदरा, डोकं उघडं, कारण हॅट माझ्याकडे. तो झाडामागून झाड वेचत पुढे जायचा, पण कापूस काही कमी व्हायचा नाही. मान वर करायचा नाही. मी सुरुवातीला घाबरायचो, मग हाक मारायचो, मग नुसता बांधावर बसून सोबत करायला लागलो. हॅनाबाई पोर्चमधून बघायची. तिला तो दिसत होता की फक्त मी दिसत होतो, हे मी कधी विचारलं नाही.

या वर्षी इथलं इंग्रजांचं राज्य गेलं. लाल डगल्याचे शिपाई जहाजात बसून निघून गेले, चर्चच्या घंटा दिवसभर वाजत होत्या. आणि मग कोणी न सांगता लोक आपापल्या शेतात शिरले आणि राखलेल्या ओळी वेचायला लागले. बायका रडत होत्या आणि वेचत होत्या. रस्त्याने बघावं तिकडे तेच. हॅनाबाई आता ऐंशीला टेकली आहे, एझ्रा केव्हाच गेला. तिने मला बोलावलं, हातात झोळी दिली आणि म्हणाली, "आपली ओळ तू वेच. तुला सवय आहे."

मी विचारलं, कसली सवय? ती म्हणाली, "ओळीच्या तोंडाशी दह्यातली भाताची शितं होती. आमच्या घरात दुसरं कोण दही-भात खातं, नॅम? मी बग्गीतून उतरले तेव्हाच मला कळलं."

पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं एका टेबलावर जेवत होतो आम्ही. मी म्हणतोय, हिला माहीत नाही. ती म्हणतेय, याला वाटतंय मला माहीत नाही. मी विचारलं, मग मला थांबवलं कशाला? हाकलून का नाही दिलं? तिने पोर्चच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. म्हणाली, "तू परत गेला असतास तर तुझ्या आईला तिचा मुलगा मिळाला असता. ते मला सोसलं नसतं. पहिली दोन-तीन वर्षं तेवढ्यासाठीच थांबवलं." पुढे म्हणाली, "नंतर तू गेला असतास तर माझं घर रिकामं झालं असतं. मग त्यासाठी थांबवलं."

मी कोठीत जाऊन बसलो. आयुष्यात इतका राग मला कधी आला नव्हता. मायचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर नुसती वाकलेली पाठ आठवली, आणि तिथे कापसाच्या ढिगात तोंड खुपसून मी लहान पोरासारखा रडलो. दुपार कलल्यावर उठलो आणि ओळ वेचायला गेलो. अर्ध्या ओळीत दुसऱ्या टोकाकडून हॅनाबाई येताना दिसली, काठी टेकत, एकेक बोंड तोडत. मधल्या एका झाडाशी आम्ही भेटलो. शेवटचं बोंड तिने मला तोडू दिलं. माफी तिने मागितली नाही, मीही मागितली नाही. संध्याकाळी तिने कॉर्नब्रेड वाढली, जास्तीची. मी खाल्ली. ती म्हणाली, "आता जा. या वेळी मी पोर्चवर येणार नाही."

त्या दिवसापासून जोएल दिसला नाही. सुटका वाटायला हवी होती, पण दुपारी मला करमेना. आणि आता आठवड्यापासून त्याच रिकाम्या जागी मला दुसरंच कोणी दिसतंय. लुगड्याचा कासोटा, ओटीत दोन बोंडं. तीही मान वर करत नाही.

इथली माणसं विचारतात, तुझं घर कुठलं, इथलं की तिथलं? इतकी वर्षं मी हसून विषय बदलायचो. मी ज्या भाषेत स्वप्न बघतो तीत आता निम्मे शब्द इथले आहेत. आसेगावच्या वाटेवर कोणती बाभूळ उभी आहे आणि कोणती पडली, हे मला ठाऊक नाही. तुझ्या मुलांची तोंडं मी बघितलेली नाहीत. पण तुझं पत्र हातात आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. ओळीचं ते दुसरं काम मायला कोणी सांगितलं नव्हतं. मी फक्त परत न आलेल्यांचं लिहिलं होतं. तरी इतक्या सुग्या वाटेच्या कडेला ती पांढरी ओळ उभी होती, आणि इथल्या माणसाला तिचा एकच अर्थ कळतो. घर उघडं आहे, ये. एवढ्या वर्षांत माझं घर कुठे असेल तर त्या ओळीत होतं आणि मी तिकडे फिरकलोही नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. मी पुढच्या जहाजाने निघतोय. पऱ्हाटी उपटायच्या आत कारंज्याला उतरेन आणि तिथून पायी येईन. दाजींना सांग, एवढी सुगी थांबा. ओळ पिवळी पडली तरी चालेल, जनावरांनी निम्मी खाल्ली तरी चालेल, पण वेचू नका. ती मीच वेचणार. आणि गंगे, राखायची नसेल तर तसंही चालेल. ती रीत मायची, तुझ्यावर जबरदस्ती नाही. फक्त मग मला पत्र पाठवू नकोस, ते वाटेत चुकायचं. मी वावराच्या कडेला येऊन लांबूनच बघेन. ओळ पांढरी नसली तर मला कळेल, आणि मी हाक न मारता पुढे जाईन.